ग्लूबॉल : जालक-गणनेचे मूल्यमापन

ग्लूबॉल हा केवळ ग्लुऑनांचा बनलेला, सिद्धांताने भाकीत केलेला संयुक्त कण होय. पुंज वर्णगतिकीनुसार क्वार्कांना बांधणारे ग्लुऑन स्वतःही ‘वर्ण’ हा भार धारण करतात. त्यामुळे ते एकमेकांशीही बांधले जाऊ शकतात. विद्युत् भाररहित फोटॉनांच्या बाबतीत असे घडत नाही. ही शक्यता हाराल्ट फ्रिच व मरी गेल-मान यांनी १९७२ मध्ये मांडली. द्रव्यमानरहित ग्लुऑनांपासून प्रोटॉनाहून जड कण निर्माण होतो काय, हा प्रश्न म्हणूनच या सिद्धांताची मूलगामी कसोटी ठरतो.

अशा बद्ध अवस्थेचे द्रव्यमान नेहमीच्या आसन्न सूत्रांनी काढता येत नाही. केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये सलग अवकाश-कालाऐवजी बिंदूंचे चौमितीय जालक कल्पून त्यावर सिद्धांत मांडला. सोलापुरी चादरीवरील जकार्ड नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरवितात. चौकटी जितक्या बारीक, तितकी वेलीची वळणे नितळ. जालकाचेही तसेच असते. मात्र येथे चौकटी क्रमाने लहान करीत जाऊन, त्यांची लांबी शून्य झाल्यास येणारे उत्तर अनुमानाने काढतात. संगणकावर ग्लुऑन-क्षेत्राच्या संभाव्य रचनांचे नमुने यदृच्छेने निवडले जातात. दोन क्षणांच्या क्षेत्रांतील सहसंबंध ज्या वेगाने घटतो, त्यावरून द्रव्यमान मिळते. ग्लूबॉल जड असल्याने हा सहसंबंध लवकरच संख्याशास्त्रीय गोंगाटात बुडतो. यावर कॉलिन मॉर्निंगस्टार व माइक पीअर्डन यांनी १९९९ मध्ये कालदिशेला अधिक बारीक चौकटी असलेले जालक वापरून मात केली.

त्याच पद्धतीने २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत गणनेत नीलमणी माथुर यांचा सहभाग होता. ते पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. तीत परिवलन शून्य व समता धन असलेल्या सर्वांत हलक्या ग्लूबॉलाचे द्रव्यमान १,७१० मेगॅ-इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे प्रोटॉनाच्या सुमारे १.८ पट आले. १९९९ चे उत्तर १,७३० होते. हा मेळ व त्रुटींचा प्रांजळ हिशेब हे या गणनांचे मोठे गुण होत.

तथापि या गणना क्वार्करहित विश्वाच्या आहेत, ही त्यांची मर्यादा विसरता येत नाही. प्रत्यक्षात ग्लूबॉल क्वार्क-प्रतिक्वार्क अवस्थांत मिसळतो व झपाट्याने क्षय पावतो. ‘एफ-शून्य (१७१०)’ या कणाच्या नावातील आकडा गणनेशी जुळतो म्हणून तोच ग्लूबॉल, असा निष्कर्ष उतावीळपणाचा ठरेल. कारण गणनेत सुमारे ५० ची एक व मापपट्टी निश्चित करण्यातील ८० ची दुसरी अनिश्चितता आहे, आणि ‘एफ-शून्य (१५००)’ हाही दावेदार आहे. क्वार्क समाविष्ट करून गणना झाल्या आहेत. परंतु त्यांत ग्लूबॉलाची खूण वेगळी काढणे अधिक कठीण जाते.

बीजिंगच्या बीईएस-३ प्रयोगाने २०२४ मध्ये ‘एक्स (२३७०)’ या कणाचे परिवलन शून्य व समता ऋण असल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे मोजलेले द्रव्यमान २,३९५, तर अशा ग्लूबॉलाचे २००६ च्या गणनेतील मूल्य २,५६० आहे. अनिश्चितता लक्षात घेता हा मेळ आशादायक आहे, निर्णायक नव्हे. द्रव्यमानाबरोबर निर्मितीचे व क्षयाचे प्रमाणही गणनेशी पडताळले गेले, तरच ही ओळख पक्की होईल. जालक-गणनेने ग्लूबॉल कोठे शोधावा, हे सांगितले. सापडलेला कण ग्लूबॉलच आहे, हे एकट्या द्रव्यमानाच्या आकड्यावरून सांगता येत नाही.