स्टुडिओ काचकला : हाताचा निकष आणि काचेचा निकष

स्टुडिओ काचकलेचा इतिहास बहुधा १९६२ पासून सांगितला जातो. अमेरिकेतील टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारात कुंभकलेचे प्राध्यापक हार्वे लिटलटन यांनी त्या वर्षी दोन कार्यशाळा घेतल्या. प्रारंभी काच मनाजोगी वितळेना; तेव्हा संशोधक डॉमिनिक लॅबिनो यांनी काचतंतूंच्या निर्मितीत वापरल्या जाणाऱ्या काचगोट्या पुरविल्या आणि छोट्या भट्टीवर काच फुंकणे साध्य झाले. कलावंताने कारखान्याबाहेर, स्वतःच्या हाताने काच घडवावी, ही या चळवळीची मूळ प्रतिज्ञा होय.

समीक्षेने या प्रतिज्ञेलाच मूल्यमापनाचा निकष मानले आणि तेथेच गफलत झाली. लिटलटन यांचे शिष्य डेल चिहुली १९६८ मध्ये मुरानो येथील वेनिनी कारखान्यात गेले व तेथील सांघिक कार्यपद्धती त्यांनी आत्मसात केली. १९७६ च्या मोटार अपघातात त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे खांद्याच्या दुखापतीनंतर फुंकनळी सहकाऱ्यांच्या हाती गेली. मग कलाकृती कोणाची, असा आक्षेप घेतला जातो. (कांस्यशिल्पाच्या ओतकामाविषयी हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.)

वास्तविक प्रश्न निराळा आहे. चिहुलींच्या १९७७ च्या ‘बास्केट्स’ मालिकेतील पात्रांच्या पातळ भिंती उष्णतेने आणि स्वतःच्या भाराने ढळलेल्या आहेत. हे ढळणे वितळत्या काचेचेच. उलट १९९८ मध्ये लास व्हेगसच्या बेलाजिओ हॉटेलात छताला लावलेल्या ‘फिओरी दि कोमो’तील दोन हजारांहून अधिक फुले डोळे दिपवितात खरे, परंतु तेथे काच केवळ सजावट उरते.

चेकोस्लोव्हाकियातील स्तानिस्लाव लिबेन्स्की व यारोस्लावा ब्रिख्तोवा यांच्या कामात एकट्या हाताचा प्रश्नच उद्‌भवत नाही. लिबेन्स्की रेखाटन करीत, ब्रिख्तोवा मातीत प्रतिरूप घडवीत आणि साच्यात काच वितळविण्याचे काम कारागीर करीत. मोठी कृती निवविण्यास कित्येक आठवडे लागत. मात्र एकाच रंगाच्या त्या काचेत जाड भाग गडद, तर पातळ भाग उजळ दिसतो. मागून खोलगट घडविलेला आकार पुढून उंचवट्यासारखा भासतो. प्रकाश येथे पृष्ठभागावर पडून थांबत नाही, तो द्रव्याच्या आत आकार घडवितो. दगड वा कांस्य यांना हे साधणारे नाही. या जोडीची काच ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात १९५८ मध्येच, म्हणजे टोलेडोच्या भट्टीच्या चार वर्षे आधी, मांडली गेली होती.