जुनं बीजिंग नेमकं किती जुनं?

मायकल मेयर या अमेरिकन लेखकाचं 'द लास्ट डेज ऑफ ओल्ड बीजिंग' हे पुस्तक २००८ साली, म्हणजे बीजिंग ऑलिंपिकच्या वर्षी आलं. बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांबद्दल, म्हणजे हुतोंगांबद्दल, काहीही वाचायला घेतलं तरी या पुस्तकाचा उल्लेख येतोच, आणि तो मान त्याने कमावलेला आहे. मेयर च्येनमेनच्या पश्चिमेला, दाशिलार भागातल्या यांगमेइझू नावाच्या तिरक्या गल्लीत एका सामाईक अंगणातल्या खोलीत राहिला. तिथल्या प्राथमिक शाळेत त्याने इंग्रजी शिकवलं, सगळ्यांसारखा सार्वजनिक शौचालयात गेला. फोटो काढून परत जाणाऱ्यांच्या लिखाणापेक्षा हे लिखाण वेगळं आहे ते त्यामुळेच. त्याच्या शेजारच्या म्हातारीचं जेवणाचं विचारणं, शाळेतल्या मुलांची बडबड, भंगार गोळा करणाऱ्याचा हिशोब या गोष्टी शेजारी राहिल्याशिवाय कळत नाहीत.

तरीही पुस्तकाच्या नावातला एक शब्द मला खटकतो, तो म्हणजे 'ओल्ड'. समोर कुठलाही नमुना आला की हा कुठल्या थरातला, हे आधी विचारायचं, ही विज्ञान शिकणाऱ्याची सवय. हुतोंगमध्ये असे निदान तीन थर आहेत आणि तिघांची वयं वेगवेगळी आहेत.

पहिला थर रस्त्यांच्या आखणीचा. १२६७ मध्ये कुबलाई खानाने 'दादू' ही राजधानी वसवायला घेतली. तिचे रस्ते मापाने आखलेले होते: मोठा रस्ता २४ पावलं रुंद, लहान १२ पावलं. इथलं 'पाऊल' म्हणजे साधारण दीड मीटर. या रस्त्यांच्या मधे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या समांतर गल्ल्या, साधारण दर ७०-८० मीटरवर एक. दोंगसी आणि नानलुओगुशियांग या भागांत हे अंतर आजही मोजता येतं. पण मेयरची गल्ली या आखणीतली नाहीच! ती दादूच्या तटाबाहेर होती. नैऋत्येला त्याआधीच्या जिन राजवटीची जुनी राजधानी होती. दोन्ही शहरांमधे ये-जा करणाऱ्यांनी जवळची वाट धरली आणि त्या पायवाटांच्या तिरक्या गल्ल्या झाल्या, असं मानलं जातं. म्हणजे बाकीचं साहित्य ज्या शिस्तशीर आखणीचं कौतुक करतं, तिच्यात मेयरची गल्ली बसत नाही.

दुसरा थर घरांचा. मधे चौक आणि चारही बाजूंनी घरं, म्हणजे सिहयुआन. आपल्या चौसोपी वाड्यावरून कल्पना येईल. आज उभी असलेली बहुतेक घरं मिंग किंवा चिंग राजवटीतली, नाहीतर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. गल्ल्या पूर्व-पश्चिम का, याचं उत्तर इथे मिळतं: मुख्य घराचं तोंड दक्षिणेला करता यावं म्हणून. जरा गणित करू. बीजिंग साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंश वर असतो, तर जूनमध्ये साडेत्र्याहत्तर अंशांपर्यंत चढतो. चौकाच्या दक्षिणेकडचं घर ४ मीटर उंच धरलं, तर त्याची सावली हिवाळ्यात साधारण ८ मीटर पडते आणि उन्हाळ्यात सव्वा मीटरच्या आत. चौक तेवढा रुंद ठेवला की कडाक्याच्या थंडीतही समोरच्या मुख्य खोलीत ऊन येतं. तो मोकळा चौक म्हणजे त्या घराची ऊन आत घ्यायची सोय आहे.

तिसरा थर गर्दीचा. १९४९ नंतर शहराची लोकसंख्या वाढली, भाड्याची खासगी घरं सरकारी व्यवस्थापनाखाली गेली आणि एका कुटुंबाच्या वाड्यात अनेक बिऱ्हाडं आली. २८ जुलै १९७६ ला तांगशानचा भूकंप झाला. बीजिंगमध्येही लोकांनी भीतीपोटी चौकाचौकांत तात्पुरते निवारे उभारले. पुढे ते पाडले गेले नाहीत. कुणी त्याचं स्वयंपाकघर केलं, कुणी मुलाच्या लग्नासाठी खोली. चौक भरला, उरली ती माणूस जाईल एवढी बोळ. अशा वाड्याला चिनी भाषेत 'दाझायुआन' म्हणतात, म्हणजे सगळ्यांची सरमिसळ असलेलं मोठं अंगण.

मेयर ज्याच्या प्रेमात पडला, ते पातळ भिंतीपलीकडून ऐकू येणारं, एका नळावर भेटणारं शेजारजीवन बहुतांशी या तिसऱ्या थरातलं आहे. त्याचं वय शतकांमध्ये नाही, काही दशकांमध्ये मोजायचं. आणि तिसरा थर दुसऱ्याच्या थेट विरोधात जातो. अडीच मीटर उंचीच्या स्वयंपाकघराची हिवाळ्यातली सावली ५ मीटर पडते, म्हणजे मागच्या खोलीचं ऊन गेलं. वास्तू वाचवायची तर स्वयंपाकघरं पाडावी लागतात आणि शेजार वाचवायचा तर वास्तू बिघडलेलीच राहते. दोन्हींना एकाच 'जुनं बीजिंग' या शब्दात कोंबलं की हा पेच दिसेनासा होतो.

दुसरा आक्षेप मेयरच्या गाजलेल्या रूपकावर. रात्रीतून भिंतीवर 'छाय' म्हणजे 'पाडा' हे अक्षर उमटतं. ते रंगवणाऱ्या अदृश्य शक्तीला तो 'हात' म्हणतो. वाचताना अंगावर काटा येतो, खरंय. पण रूपक आणि स्पष्टीकरण यांत फरक असतो. १९८२ च्या राज्यघटनेने शहरी जमीन सरकारी मालकीची ठरवली, १९८८ च्या दुरुस्तीने ती वापरण्याचा हक्क हस्तांतरित करता येऊ लागला आणि १९९० मध्ये बीजिंगने मोडकळीला आलेल्या घरांच्या पुनर्विकासाची मोहीम सुरू केली. या तीन पायऱ्या मांडल्या की 'हात' अदृश्य राहत नाही. मोबदला क्षेत्रफळावर ठरतो, आणि नोंदणीत नसलेल्या बांधकामाला तो सहसा मिळत नाही. म्हणजे १९७६ चं ते स्वयंपाकघर 'जुन्यात' धरायचं की 'बेकायदा' ठरवायचं, यावर एका कुटुंबाला शहरात राहता येणार की नाही हे ठरू शकतं. मेयर मोबदल्याबद्दल आणि बिल्डरांबद्दल लिहितो, नाही असं नाही. पण ती माहिती विखुरलेली आहे आणि लक्षात राहतो तो 'हात'.

थर वेगळे करून पाहिले की बीजिंगमधले प्रयोगही नीट वाचता येतात. ऑलिंपिकच्या आदल्या दिवशी, ७ ऑगस्ट २००८ ला, नव्याने बांधलेला च्येनमेन रस्ता उघडला: जुन्या धाटणीचे दर्शनी भाग आणि मागे महागडे गाळे. तिथे तिन्हींतला एकही थर नाही, फक्त चेहरा आहे. त्याआधी जुअर हुतोंगमध्ये वास्तुरचनाकार वू लियांगयोंग यांनी चौकाभोवती दोन-तीन मजली घरं बांधून प्रत्येक घरात स्वयंपाकघर आणि शौचालय दिलं. १९९० मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला, जागतिक पुरस्कारही मिळाला. चौकाची कल्पना टिकली, पण मूळच्या कुटुंबांपैकी बहुतेक परतली नाहीत.

तिसरा प्रयोग मेयरच्या पुस्तकानंतरचा आणि त्याच्याच भागातला, चा'अर हुतोंग ८. वास्तुरचनाकार झांग क यांनी चौकातली वाढीव स्वयंपाकघरं पाडली नाहीत, तोही इतिहासच मानला. मोठ्या झाडाखालच्या एका जुन्या स्वयंपाकघराचं छोटं कलादालन झालं आणि आधीपासूनच्या एका घराच्या छपराखाली मुलांसाठी ९ चौरस मीटरचं वाचनालय उभं राहिलं. २०१६ मध्ये त्याला आगा खान पुरस्कार मिळाला. एका अंगणाने शहराचा प्रश्न सुटत नाही, पण तिसऱ्या थराला कचरा न मानणारं उत्तर म्हणून ते महत्त्वाचं आहे.

मेयरची गल्ली मात्र पाडली गेली नाही. ती दुरुस्त झाली, डिझाइनची दुकानं आणि कॅफे आले, आणि बरीच कुटुंबं मोबदला घेऊन बाहेर पडली. 'शेवटचे दिवस' म्हणताना मेयरच्या डोळ्यांसमोर पाडापाडी होती, तर प्रत्यक्षात गल्ली राहिली आणि माणसं गेली. पुस्तक जरूर वाचा, शेजाऱ्यांच्या प्रकरणांसाठी तर नक्कीच. फक्त 'जुनं' हा शब्द आला की प्रत्येक वेळी विचारा: कुठला थर, आणि तो वाचवताना बाहेर कोण जाणार?