'पत्री' आणि 'पोलादी' : दोन विशेषणांची तपासणी

कल्याणहून शिळफाट्याकडे जाताना रेल्वेमार्गावर जो पूल लागतो, त्यास लोक पत्रीपूल म्हणतात. ब्रिटिश अमदानीतील मूळचा पूल धोकादायक ठरून १८ नोव्हेंबर २०१८ रोजी पाडण्यात आला. तेव्हा त्याचे वय १०४ वर्षे होते. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे ७६ मीटरांहून अधिक लांबीची पोलादी तुळई सरकवून बसविण्यात आली, आणि २५ जानेवारी २०२१ रोजी नवा पूल खुला झाला. पूल बदलला, नाव राहिले.

'पत्री' हे रूप 'पत्रा' या नामाशी उघडच संबद्ध आहे. (गणपतीस वाहतात ती पत्री निराळी, परंतु दोहोंचे मूळ संस्कृत 'पत्र', म्हणजे पान, हेच होय.) अवजड पुलास पानाचे नाव, हे ऐकून सुशिक्षितास हसू येते. ते अस्थानी आहे. बांधकामातील पोलादाचे सामर्थ्य जाडीपेक्षा आकारात असते. इंग्रजी 'आय' अक्षरासारखा छेद असलेल्या तुळईत मधला उभा पत्रा पातळच ठेवतात. वाकविणारा ताण मुख्यतः वरखालच्या पट्ट्या पेलतात. लोकांनी दिलेले नाव या दृष्टीने अगदीच चुकलेले नाही.

ग्रांथिक 'पोलादी' मात्र चुकते. हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत 'पोलादी मनगट', 'पोलादी शिस्त' अशा प्रयोगांतून 'न वाकणारे' या अर्थी रूढ झाला. अभियंता पोलाद निवडतो त्याचे एक प्रमुख कारण नेमके उलट आहे : ते तुटण्यापूर्वी वाकते. न वाकणारे ते बीड. त्यात कर्ब २ टक्क्यांहून अधिक. बिडाचा तवा हातून पडला की पूर्वसूचनेवाचून तडकतो. बांधकामाच्या नेहमीच्या पोलादात कर्ब पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो, आणि भारतीय मानकानुसार त्याचा नमुना तुटण्याआधी किमान २३ टक्के ताणला जावा लागतो. तापमान ३० अंशांनी वाढले, तर ७६ मीटरांची तुळई सुमारे २७ मिलिमीटर लांबते. तिला सरकण्यास वाव ठेवावाच लागतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. 'पोलादी' म्हणजे अक्षय, ही समजूत रुजली की खाडीकाठच्या दमट हवेतील गंजाची, रंगाच्या थराची, सैल पडलेल्या सांध्यांची चौकशी करणे नागरिकास सुचत नाही. पत्रा गंजतो, हे मात्र डोंबिवलीच्या चाळीत छपराखाली पावसाळे काढलेल्या कोणासही सांगावे लागत नाही.