०.५५ व्होल्ट: मोजलं किती, मानलं किती

ऑगस्ट २०२४मध्ये 'नेचर'मध्ये ग्लिन कॉलिन्सन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला आणि बातम्या झळकल्या: गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्वाच्या तोडीचं, पृथ्वीभर पसरलेलं विद्युत क्षेत्र सापडलं! जर्नल क्लबसाठी हा पेपर जरूर घ्या. फक्त बातमी विसरून वाचा.

मोजलं काय ते आधी बघू. ११ मे २०२२ला स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंदहून (आपलं 'हिमाद्री' केंद्र याच गावात आहे) नासाचं 'एन्ड्युरन्स' हे साउंडिंग रॉकेट उडालं, ७६८ किमीपर्यंत गेलं आणि १९ मिनिटांत समुद्रात पडलं. उन्हामुळे वातावरणातल्या अणूंमधून काही इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जा घेऊन सुटतात. वर चढताना क्षेत्र त्यांना मागे ओढत असेल तर ही ऊर्जा थोडी कमी दिसायला हवी. तशी ती दिसली: २४८ ते ७६८ किमीमध्ये ०.५५ व्होल्टचा फरक, अधिक-उणे ०.०९.

जागेची निवड मला फार आवडली. इथल्या चुंबकीय रेषा थेट अवकाशात उघडतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनना वर निसटायला वाट मोकळी असते. फुगा एवढा वर जात नाही, आणि २५० किमीवर उपग्रह फार काळ टिकत नाही. बरं, रॉकेटवर स्वतःचाही विद्युतभार साचतो. तो नीट वजा केल्याशिवाय अर्धा व्होल्ट हाती लागणार नाही, म्हणून पद्धतीचा तेवढा भाग दोनदा वाचा.

आता कागद-पेन घ्या. ०.५५ व्होल्ट ५२० किमीवर पसरवले की मीटरला साधारण एक मायक्रोव्होल्ट येतो. हास्यास्पद वाटतं ना? पण हायड्रोजन आयनावरचं हे बल त्याच्या वजनाच्या दहापट भरतं. ऑक्सिजन आयन १६ पट जड, त्याच्यासाठी ते वजनापेक्षा कमीच पडतं. म्हणजे हे क्षेत्र ऑक्सिजनला एकट्याने अवकाशात फेकत नाही, त्याचं वजन हलकं करतं. ऑक्सिजनचा पुरवठा ३,८०० टक्क्यांहून जास्त वाढतो हा पेपरातला आकडा मोजलेला नाही, अनुमानातून आलेला आहे. लेखक तसं स्पष्ट लिहितात. बातम्यांमधून ते गळलं.

माझा खरा आक्षेप 'पृथ्वीभर' या शब्दावर आहे. उड्डाण एक, जागा एक, दिवस एक. क्षेत्र आहे एवढं सिद्ध करायला मला ते पुरेसं वाटतं, कारण १९६०च्या दशकापासून सिद्धान्त त्याची अपेक्षा करतच होता. पण ते ऋतूनुसार, सौरचक्रानुसार किती बदलतं? विषुववृत्तावर किती? तिथला आकडा सिद्धान्ताचा आहे, रॉकेटचा नाही. आणि जिथे ऊन पोचत नाही तिथे हे इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत, म्हणजे ध्रुवीय रात्रीच्या अंधाऱ्या भागात हीच पद्धत पुन्हा वापरता येणार नाही. तिथे काय मोजायचं आणि कशाने, हे मला पेपर वाचून संपल्यावरही सुटलेलं नाही. तुम्हाला काही सुचतंय का?