पेशीच्या मरणाची शिस्त

लहान मुलांच्या स्वरयंत्रावर उगवणारे पॅपिलोमा सहसा कर्करोगाचे नसतात, तरी ते घरच्यांना आणि डॉक्टरांनाही जेरीस आणतात. आवाज घोगरा होतो, श्वास अडतो; दुर्बिणीतून गाठी काढाव्यात, तर काही महिन्यांत त्या पुन्हा हजर. हा चिवटपणा समजून घ्यायला मला १९७२चा एक निबंध फार उपयोगी वाटतो. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांनी तो ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये लिहिला.

पेशींचं मरण हेही जननाइतकंच शरीराचं नियमित काम आहे, असं हा निबंध मांडतो. त्याचं खरं सौंदर्य निरीक्षणात आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशी आक्रसते, केंद्रक घट्ट होतं, मग तिचे आवरणबद्ध तुकडे पडतात. त्या तुकड्यांतले सूक्ष्म अवयव मात्र अजून धड असतात! शेजारच्या पेशी ते गिळून पचवतात. सूज नाही, गाजावाजा नाही. हाती होती फक्त स्थिर चित्रं, आणि त्यांतून लेखकांनी काळाचा क्रम लावला. गर्भाची घडण, निरोगी ऊती आणि उपचार न झालेल्या कर्कगाठी, सगळीकडे त्यांना हेच दृश्य दिसलं. ही प्रक्रिया पेशीच्या आतच आखलेली असावी, असं ते म्हणतात. ‘आहे’ म्हणत नाहीत. एकाही जनुकाचं नाव माहीत नसताना राखलेला हा संयम मला थोर वाटतो.

जनुकं पुढे सापडली. १९८८मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं, की बीसीएल-२ हे जनुक पेशींची विभागणी वाढवत नाही, त्यांना मरू देत नाही. गाठ नुसती जन्मांनी वाढत नाही, टळलेल्या मरणांनीही वाढते, हे केर-वायली-करींचं गणित तिथे खरं ठरलं.

आता मुलाच्या घशाकडे वळू. तिथल्या गाठींमागे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचे ६ आणि ११ हे प्रकार असतात. कर्करोग घडवणारे १६ आणि १८ हे प्रकार पेशीला मरणाचा आदेश देणारं पी-५३ हे प्रथिन नष्ट करवतात. ६ आणि ११ यांना ते तसं साधत नाही, म्हणून गाठ बहुधा सौम्य राहते. पण विषाणू शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही दडून बसतो. शस्त्रक्रियेने गाठ जाते, तो जात नाही.

बाळाला ही लागण बहुधा जन्मताना आईकडून होते. ऑस्ट्रेलियात २००७पासून मुलींना या विषाणूविरुद्धची लस मिळू लागली आणि पुढे लहान मुलांमधले या गाठींचे नवे रुग्ण झपाट्याने घटले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध आहे, आणि ती नवव्या वर्षापासून घेता येते.