पहिल्या पाण्यातला वाडगा

सुझौ शहरातला एक घरमालक रोज पहाटे उठतो तो एकाच ध्यासाने. झू होंगशिंग या दुकानात जाऊन पहिल्या आधणातल्या नूडल्स खायच्या. त्याच पाण्यात हजारभर वाडगे शिजून निघाले की पाणी पिठूळ होते, नूडल्स सुळसुळीत राहत नाहीत आणि त्यांना पिठाचा वास येतो. मग त्याचा सगळा दिवस बिघडतो.

लू वेनफू (1928–2005) यांच्या ‘मेइशिज्या’ म्हणजे ‘खवय्या’ या दीर्घकथेतला हा झू झिये. कथा 1983 साली ‘शौहुओ’ या नियतकालिकात आली. मला चिनी येत नाही. मी ती इंग्रजीतून वाचली. नावामुळे नजर खवय्यावरच खिळते. पहिल्या वाचनात माझीही खिळली होती. आयतखाऊ माणसाचे खूळ, एवढाच त्याचा अर्थ मी लावला.

पण उमेदीची काही वर्षे मी एका खानावळीच्या गल्ल्यावर काढली आहेत. पहिल्या पंगतीचा भात आणि शेवटच्या पंगतीचा भात यांतला फरक जेवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. झूचे ते खूळ नव्हे, निरीक्षण आहे. त्या दुकानात वाढपी गिऱ्हाइकाची मागणी आत ओरडून सांगतो, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. नूडल्स कडक की मऊ, रस्सा भरपूर की बेताचा, लसणाची पात हवी की नको, तेल जास्त की कमी, वरचे मांस जास्त की नूडल्स जास्त. मांस वेगळ्या बशीत हवे असेल तर ‘पूल ओलांडून’ म्हणायचे, कारण ते काड्यांनी उचलून वाडग्यापर्यंत न्यावे लागते. आपल्याकडे मिसळीच्या दुकानात ‘तर्री जास्त, कांदा वेगळा’ असे ओरडतात, त्याच कुळातले हे. साध्या दुकानात साध्या माणसालाही आपला वाडगा आपल्यासारखा मागता येतो.

कथा सांगतो तो गाओ श्याओतिंग. लहानपणी आईबरोबर तो झूच्या घरात फुकट राहतो आणि त्या उपकारापोटी त्याच्यासाठी संध्याकाळचे खाणे आणायला दुकाने हिंडतो. चीड तिथली. क्रांतीनंतर तो एका नामांकित उपाहारगृहाचा व्यवस्थापक होतो, उंची पदार्थ काढून टाकतो, स्वस्त जेवण सुरू करतो. कष्टकरी आधी खूश होतात. पुढे तेच कुरकुरतात. जुना वर्गमित्र त्याला ऐकवतो, की जिभेच्या बाबतीत श्रीमंत आणि कामकरी यांच्यात काहीच फरक नाही.

माझा आक्षेप इथे आहे, आणि तो लेखकावर नसून गाओवर आहे. पहिले पाणी सगळ्यांना मिळणार नाही हे खरे. पण पाणी बदलता येते. दर काही वाडग्यांनी नवे आधण ठेवणे हा सरपणाचा आणि मनुष्यबळाचा प्रश्न आहे; गल्ल्यावर बसलेल्या कुणालाही तो कळेल. गाओ तिकडे वळतच नाही. झूला जे मिळत होते ते कामगाराला कसे मिळेल, यापेक्षा झूला ते कसे मिळणार नाही, याची त्याला जास्त घाई आहे.

लेखकाला हे दिसत होते असे मला वाटते. टंचाईच्या वर्षांत दोघे मिळून भोपळ्यांची गाडी ओढतात, आणि भुकेला झू भोपळा पोखरून त्यात काय भरून वाफवावे याचे बेत सांगतो. तिथे गाओच्या रागापेक्षा झूची भूक जास्त खरी वाटते. उत्तरार्ध मात्र सैल आहे. मीठ केव्हा घालावे यावरचे झूचे व्याख्यान सोडले, तर त्याच्या मानमरातबाची थट्टा सोपी आहे. पुढे लू वेनफू यांनी स्वतः सुझौमध्ये जेवणाचे दुकान काढले, हेही इथे नोंदवावेसे वाटते.

शेवटी गाओचा वर्षाचा नातू साधी गोळी झिडकारून चॉकलेटसाठी हात पुढे करतो. घरचे कौतुकाने हसतात. गाओ त्याच्या तोंडचे चॉकलेट काढून घेतो आणि कडक गोळी कोंबतो. पोर रडू लागते, म्हातारा वेडा झाला की काय म्हणून सगळे बघत राहतात. कथा ज्याच्या नावाची, तो त्या खोलीत नसतोच.