'आयदान': मायलेकींची वीण

उर्मिला पवार यांचं 'आयदान' २००३ साली आलं. आईची बांबूची वीण आणि लेकीच्या लिखाणाची वीण एकमेकींशी जोडलेली आहे, असं लेखिका स्वतःच सांगतात. पांढरपेशा समीक्षकांनी ते उचललं, 'काय सुंदर रूपक' म्हणाले आणि मोकळे झाले. माझा वाद इथंच आहे.

आयदान म्हणजे बांबूची सुपं, टोपल्या, रोवळ्या. इतरत्र हे काम बुरुडांचं, कोकणात ते महारांच्या वाट्याला आलं. लक्ष्मीबाईंचा नवरा मास्तर होता. पोरांनी शिकावं असं बजावून तो गेला. मागं घर चाललं ते आयदानांवर. तयार माल सवर्णांच्या घरी पोचवायला लहानगी उर्मिला जायची. ते त्यावर पाणी शिंपडून मग आत घेत, पैसे वरून टाकत. आता सांगा, हे नुसतं रूपक काय? आधी ती रोजी होती. लेक शिकली तेव्हा कुठं तिचं रूपक झालं.

मग लक्ष्मीबाई कलावंत होत्या का? मी म्हणतो, होत्या. बांबू किती बारीक चिरायचा, पट्टी कुठं दाबायची, हे बोटांनाच कळावं लागतं. गवयाचा पोरगा गायला की घराणं म्हणतात. आपल्या आयांच्या हातचं कसब मात्र जातीचा धंदा ठरतं, आणि सुपावर विणणारीचं नाव नसतं.

म्हणून जातीनं लादलेल्या कामाची आरती ओवाळायची, असं मात्र नाही. असले धंदे टाका, हे बाबासाहेबांनी आपल्याला बजावलंय. लेकीनं ते टाकलं. शिकली, नोकरीला लागली, १९८८ साली तिचा 'सहावं बोट' कथासंग्रह आला. धंदा तुटला, कसब उरलं. मी गिरणीत तुटलेला धागा सांधतो. सांधलेल्या जागी बोट फिरवलं की गाठ लागते. 'आयदान' वाचताना मला तीच लागली. पुस्तक सुरू होतं ते डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायांपासून. 'मी' मागनं येते. गोष्टही सरळ जात नाही, मागंपुढं होत विणली जाते. हा हात आईचा आहे.

म्हणूनच २००४ सालची गोष्ट मला मोठी वाटते. 'आयदान'ला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार मिळाला. समारंभ सरस्वतीच्या प्रार्थनेनं सुरू होणार, एकाच धर्माची प्रतीकं पुढं केली जाणार, म्हणून बाईंनी तो नाकारला. खरंच आहे. या लेखणीला सरस्वतीनं काही दिलेलं नाही. दिलं ते बांबू चिरणाऱ्या बाईनं.

एक उणीव सांगतो. आईचं सगळं आपल्याला लेकीच्याच तोंडून कळतं. आणि जिची लेक लिहिती झाली नाही, तिचं काय? याचं उत्तर उर्मिलाबाईंनीच आधी दिलंय. मीनाक्षी मून यांच्यासोबत चळवळीतल्या बायांना भेटून, त्यांचं बोलणं टिपून त्यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. तेच आता आपण करायचं. सभेतनं घरी गेलात की आईजवळ बसा. ती काय विणते, काय शिवते, काय रचून गाते ते विचारा. लिहून काढा आणि खाली तिचं नाव घाला.

जयभीम.